तोंड झाकायची शाल

आत्या, विसरलं जाणं तुला जास्त टोचलं की म्हातारं दिसणं? तू जाऊन वर्षं झाली, मी घरातली पहिली पदवीधर झाले, पण याचं उत्तर मला देता येत नाही.

किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत चौदा एप्रिलच्या जयंतीला तुझीच गायन पार्टी लागायची. सवाल-जवाबाच्या सामन्यात समोरचा गायक तुझ्या सवालावर अडला की लोक उभे राहून ‘वन्स मोअर’ ओरडायचे, असं बाबा सांगतात. मी पाहिली ती नंतरची तू. शहापूरकडच्या एका गावात तुझा सत्कार होता. मी आठवीत, तुझ्या शेजारी बसलेली. तुला शाल देतात, नारळ देतात. तू माईककडे हात करतेस, आणि सूत्रसंचालक माईक मागे घेतो. “आत्याबाय, टाइम नाय. बसा तुमी.” मग एक नवी मुलगी तुझंच गाणं म्हणते. तू मांडीवर ठेका धरतेस. थोड्या वेळाने तोही थांबतो. परत येताना जीपमध्ये तू म्हणालीस, “ही शाल थंडीसाठी नाय गो देत. तोंड झाका, म्हनून देतात.”

त्यानंतर तू घरातच गायलीस. एकदा चुलीपुढे भाकरी थापताना, कवळी काढून ठेवलेली, डोळे मिटून तू वरचा सूर लावलास. तो फाटला, तरी सोडला नाहीस. मी बाबांच्या मोबाइलवर फोटो काढला. तो बघून तू पिठाच्या हाताने माझा कान धरलास. “कुनाला दावशील तर बघ! मी गायिका हाय, म्हातारी नाय.”

यंदा जयंती कमिटीला तुझी आठवण झाली. जयंतीच्या व्यासपीठाला तुझं नाव द्यायचं ठरलं. अध्यक्ष घरी आले. तुझ्या सत्कारात माईक मागे घेणारे सूत्रसंचालक ते हेच. चहा पिता पिता म्हणाले, “पोरी, तरनेपनचा फोटू दे. पोरांनी म्हनलं पायजे, काय हिरोइन व्हती!” काजळ घातलेली, अबोली माळलेली तू त्यांच्या डोक्यामागे भिंतीवरच होतीस. मला वाटलं, ज्या तोंडाला यांनी गाऊ दिलं नाही, ते तोंड आता यांनी मान वर करून बघावं.

मी त्यांना चुलीपुढचा फोटो दिला. तू नको म्हणाली असतीस, हे देतानाच मला ठाऊक होतं. त्या फोटोचा बॅनर कालपासून शहापूरच्या नाक्यावर आहे.