पाचव्या उडीनंतर

४ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याने वेळेच्या शर्यतीत बीगल उतरवावा, याला काय म्हणावं? दवाखाना बंद करून मी रोज मैदानावर जाते, अडथळ्यांच्या शर्यतीत कोणतं कुत्रं कसं धावतं ते बघते. बॉर्डर कॉली आपल्या हाताकडे डोळे लावून सुसाट सुटते. पूडल दिसायला नखरेल, पण उडी अगदी नेमकी. लॅब्रॅडॉर आनंदाने धावतो, आनंदाने दांडी पाडतो आणि वर खाऊ मागतो. बीगल बोगद्यात शिरला की आतल्या वासाची सगळी चौकशी आटोपूनच बाहेर येतो! माझ्या कॉलीपुढे, तुफानपुढे, तुझ्या भोपूचा टिकाव लागायचा नाही.

तरी ये. हरायला का होईना, ये. दोन वर्षं तुझं तोंड पाहिलेलं नाही, नुसते लोकांचे दात बघतेय.

लोभ असू दे, टोमणे मी पुरवीन.
तुझी धाकटी

१५ फेब्रुवारी

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

दात काढता काढता तुझी जीभही धारदार झालीय. कॉली पळते, कबूल. पण तिला वळण दाखवायला तू वेळेवर पोचतेस का? भोपू कसा माझ्या चालीने धावतो. दुकानामागच्या अंगणात पंधरा अडथळे मांडलेत. रोज सकाळी आम्ही दोघं ते एका दमात पार करतो. साक्षीदार कोणी नाही, भिंतीवरची घड्याळं तेवढी.

मात्र परवा स्टुलावरून पडलो, घोटा मुरगळला. विशेष काही नाही. शेजारचे सुतार तिकडे निघालेत, त्यांच्याबरोबर भोपूला पाठवतो. माझ्या वतीने तूच त्याला धावव. हरलात तर चूक तुझी, जिंकलात तर शिकवण माझी.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा दादा

२ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

आधी माझी फजिती ऐक. तुफान सगळ्यांत जोरात सुटली, पण मी हात उशिरा दाखवला आणि ती भलत्याच बोगद्यात शिरली. बाद! पहिला नंबर एका पूडलचा. तू म्हणालास तेच झालं, हस पोटभर.

आता भोपू. पाच उड्या झकास मारल्या आणि खाली बसला. लोक हसले, बीगलच तो, लागला असेल वास, म्हणाले. मीही तेच म्हटलं. पण दादा, त्याचं नाक जमिनीला नव्हतं. मान वर करून तो माझ्याकडे बघत होता. हाका मारल्या, खाऊ दाखवला, ढिम्म. शेवटी हात टेकले आणि गुडघे धरून त्याच्यासमोर वाकले. तसा तो टुणकन उठला आणि पळाला. दहाव्या अडथळ्यानंतर पुन्हा तेच.

 त्याला ही सवय कोणी लावली? बाबा जिन्यात असेच वाकून उभे राहायचे, बुटाची नाडी बांधतोय म्हणायचे. आपण कोणीच काही विचारलं नाही. आणि एके दिवशी ते वर आलेच नाहीत.

एका दमात म्हणे! उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा. शुक्रवारी दवाखान्याला कुलूप लावून मी भोपूला घेऊन येतेय. मला तू हवा आहेस, दादा.

भांडायला का होईना, लोभ राहू दे.
तुझी धाकटी

१९ एप्रिल

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

तू परत गेल्यापासून घर फार शांत झालंय, म्हणजे औषधाच्या वेळेला कोणी ओरडत नाही. काल तपासणी झाली. हृदयाची शस्त्रक्रिया उत्तम झालीय, हळूहळू धावायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते स्टूल जागचं हललं नव्हतं गं, मलाच भोवळ आली होती. बाबांना झालं तेच मलाही झालंय या भीतीने बोललो नाही.

आज पुन्हा अंगणात अडथळे मांडले. पाचव्या उडीनंतर भोपू बसला आणि मागे वळून बघायला लागला. मी ताठ उभा होतो, श्वास अगदी शांत. मी सांगून पाहिलं की चल, आता गरज नाही. तो हलेना.  मग त्याचं समाधान व्हावं म्हणून मी गुडघे धरून वाकलो.

तुफानला थोपट, आणि तुझी माया अशीच ओरडत येऊ दे.
तुझा दादा