हातचे चार

सदाशिव पेठ, पुणे
दि. ९ ऑगस्ट २००४

ती. ताईस,
सूरजचा सप्रेम जय भीम.

मी मजेत आहे. तूही असशील असं धरून चालतो, कारण फोन तू उचलत नाहीस आणि आई नुसतं "ती शाळेत गेलीय" म्हणते. काल रविवार होता गं.

इथं घरमालकीण दुर्गाबाईंनी जिन्यात नवी पाटी लावलीय : 'जिना चढताना गाऊ नये. आम्हाला संगीत आवडते.' जिन्यात गाणारा मी एकटाच, म्हणजे समज.

नोकरी अजून टिकलीय. गोव्यातलं हॉटेल झालं, नाशिकचं गॅरेज झालं. पण गणित इंग्रजीतून शिकवायच्या तुम्हा शिक्षकांच्या या प्रशिक्षणात प्रोजेक्टर उचलायला लागून पाच आठवडे झाले. एवढा मी कुठंच थांबलो नव्हतो. तुझी तुकडी येणार हे कळलं होतं ना, म्हणून.

वाटलं होतं, लोणीहून तू डबा आणशील, आपण दोघं खाऊ, तू मला शब्द विचारशील. दहावीला दोनदा आपटलो तरी गोऱ्यांना मासे वाढून वाढून इंग्रजी बोलता येतं मला. पण तुझं पहिल्या दिवसापासून "राकेश सर असं म्हणाले, राकेश सर तसं म्हणाले." मेथीची भाजीसुद्धा त्याच्याच पुढं. मोठा कंपनीतून आलाय, अमेरिकेला फोन करणाऱ्या पोरांना बोलायला शिकवायचा म्हणे. हसला की वरची हिरडी दिसते त्याची. तू बघितली नसशील. मी बघितलीय.

मग गुरुवारी स्वारगेटला बसची वाट बघताना तू विचारलंस, "सूऱ्या, हातच्याला इंग्रजीत काय रे? उद्या माझा पाठ आहे. राकेश सरांनाच विचारणार होते, पण ते घाईत होते."

"इन हँड," मी म्हणालो.

"नक्की?"

"अगं, गोऱ्यांत राहिलोय मी!"

शुक्रवारी तू फळ्यावर शेहेचाळीस गुणिले सात मांडलंस. इतकी छान उभी होतीस. "सेव्हन सिक्सेस आर फॉर्टी टू. राइट टू. फोर इन हँड." आणि वर डावा हात उंच करून चार बोटं दाखवलीस. सगळा हॉल फुटला. त्यानंतर तुला साधं 'सेव्हन' म्हणता येईना. तुझ्या कागदावर 'अद्याप तयारी नाही' असा शेरा पडला, म्हणजे नऊ वर्षं शिकवलेलं पाचवीचं गणित आता तुमच्या शाळेतल्या कौशल्या मॅडमकडे जाणार.

सगळ्यात मोठ्यानं मागून, प्रोजेक्टरपाशी, कोण हसलं, ते तू वळून बघितलंसच.

ताई, तुला वाटत असेल, सूऱ्याला येत नव्हतं आणि उगाच शहाणपणा केला. काल रात्रीपर्यंत तेवढंच वाटू द्यावं असं ठरवलं होतं. पण हातच्याला 'कॅरी' म्हणतात. आधीच्या तुकडीला ती स्लाइड मीच लावली होती. तुमच्या वेळी वीज गेली आणि ती राहून गेली. मला माहीत होतं. तू "पण ते घाईत होते" म्हणालीस, त्या 'पण'नं माझं डोकं फिरलं. तो मोकळा असता तर मला विचारलंच नसतंस ना?

आज सकाळी राकेशला सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालेल, मलाही दोन देता येतील. तर म्हणतो, "हात वर केला तो मला आवडला होता. मुलांना पटकन कळेल. शनिवारी अकराला दीपाली मॅडमना परत पाठ घेऊ दे, तोवर शेरा थांबवतो." चिडलासुद्धा नाही. असल्या माणसाचं काय करायचं?

तू शनिवारी ये. मी हॉलमध्ये नसेन, प्रोजेक्टर दुसरं कुणी उचलेल. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण तुमच्या मोठ्या बाईंनी काही विचारलं, तर हा कागद त्यांच्यापुढं ठेव. म्हणून तर अक्षर लावून काढलंय.

चूक दीपाली मॅडमची नव्हती. त्यांना चुकीचा शब्द मी जाणूनबुजून सांगितला, असं

लिहून देणार,
त्यांचा सख्खा भाऊ
सूरज