कात्री सापडली नाही म्हणून

१ ऑगस्ट, सकाळी ८

आजपासून डायरी. झाम्बेताने, म्हणजे माझ्या मुलीने, फेब्रुवारीत तिची आई गेली तेव्हा आणून दिली होती. म्हणाली, बाबा, मनात येईल ते लिहीत जा, मोकळं वाटेल. माझं मन बंद कधी होतं? पण कोरी वही फुकट जाते म्हणून लिहितो. कुणी वाचायची नाही.

आजपासून उपवासही. पंधरा तारखेला देवमातेचा सण. तोवर मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, चीज नाही. एव्हान्थिया, माझी बायको, दरवर्षी करायची आणि मी दरवर्षी तिला चोरून चीज खायचो. आता ज्याच्यापासून लपवायचं तेच माणूस नाही, तेव्हा यंदाचा उपवास कडक होणार.

डोंगरापलीकडे धूर दिसतोय. गावात दुसरा विषय नाही. मी चाळीस वर्षं या पाइनच्या जंगलात राळ काढली आहे. आग किती लांब आहे ते धुराच्या वासावरून सांगतो. लांब आहे. मधला ओढा ओलांडणार नाही.

पाठ ठीक. स्वयंपाकघरातल्या कोचावर झोपल्यापासून आराम आहे. खोलीतला पलंग फार मऊ. सहा महिन्यांत एकदाही त्या खोलीत गेलो नाही, पाठीसाठी.

२ ऑगस्ट, दुपार

चीजचा एकच तुकडा. छोटा. हाडांना कॅल्शियम लागतं. उपवास उद्यापासून.

झाम्बेताचा फोन, ती राहते त्या खल्कीदा शहरातून. टीव्हीवर आग बघून घाबरली आहे. म्हणाली, एक बॅग भरून दाराशी ठेवा. कागदपत्रं, गोळ्या, चष्मा, दातांची कवळी. बाकी काही नको. मी म्हटलं, तू मला शिकवू नकोस, मी राळेच्या सोसायटीच्या गोदामातला माल वीस वर्षं चढवला-उतरवला आहे. ती म्हणाली, बाबा, हा माल नाही. मग म्हणाली, आईचं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा.

ठरवायचं काय त्यात. भावनेने भरलेली बॅग जड होते. प्रॅक्टिकल वस्तूच घेणार.

लिस्ट केली. घराची कागदपत्रं. ब्लड प्रेशरच्या गोळ्या. कवळीची डबी. टॉर्च. करवत (रस्त्यात झाड पडलं तर). एव्हान्थियाचा वाचायचा चष्मा, नंबर जवळपास माझाच आहे, एक जादा असलेला बरा. तिच्या निळ्या सपाता, कारण निघावं लागलंच तर बोटीने, आणि बोटीवर पाय ओले होतात. मला लहान होतात, पण पाऊल अर्धं तरी कोरडं राहील.

३ ऑगस्ट, सकाळी ११

शेजारची लेमोनियामावशी आली. वय त्र्याऐंशी, कान बंद, तोंड चालू. भात भरलेले टोमॅटो घेऊन आली. बॅगेत डोकावली आणि म्हणाली, स्तमाती, बायकोच्या सपाता घालून पळणार आहेस का रे? मी दुर्लक्ष केलं. मग विचारलंच तिने, भिंतीवरची पेटी घेतलीस का?

पेटी म्हणजे लग्नाच्या मुकुटांची. मावशी मला रीत समजावायला लागली, जशी काही मला ठाऊकच नाही. दोघांच्या डोक्यावरचे दोन फुलांचे मुकुट, एकाच पांढऱ्या फितीने बांधलेले, ते जन्मभर काचेच्या पेटीत पलंगाच्या वर राहतात. जोडीतलं एक गेलं की फीत कापायची, गेलेल्याचा मुकुट त्याच्याबरोबर द्यायचा. फितीचं एक टोक इथे आणि एक तिकडे असं राहू नये.

मी तिला सांगितलं की आमची फीत शाबूत आहे. अंत्यविधीच्या दिवशी कात्रीच सापडली नाही. सगळं घर पालथं घातलं. अजून सापडलेली नाही. म्हणून दोन्ही मुकुट अजून एकत्र बांधलेले आहेत, चव्वेचाळीस वर्षं होते तसे. बांधलेले आहेत म्हणजे हिशेबाने लग्न मोडलेलं नाही. आणि पेटी भिंतीवरून काढली तर घरच मोडलं असं होतं. ती तिथेच राहणार. आग येणारच नाही.

मावशी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. ऐकू आलं नसावं म्हणून मी मोठ्याने परत सांगितलं. तिने टोमॅटोवर झाकण ठेवलं आणि म्हणाली, बरं हो. जेवून घे.

जेवलो. लग्नाच्या दिवशी एव्हान्थियाचा मुकुट डावीकडे सरकत होता. केस फार दाट होते तिचे. पाद्रीबाबांचा मंत्र चालू असताना मी तो दोनदा सरळ केला आणि ती हसली, तर माझी सासू मागून म्हणाली, हात आवर, अजून बायको झाली नाही ती तुझी. हे सगळं लिहिण्याचं कारण नव्हतं. टोमॅटोत मीठ कमी होतं.

४ ऑगस्ट, सकाळ

बॅग वजनकाट्यावर ठेवली. एकतीस किलो. करवत काढली. गोळ्यांचं खोकं मोठं होतं, त्यातल्या चारच काढून घेतल्या, बाकी तीन दिवसांत परत येऊच. जागा झाली. तिथे एव्हान्थियाचं अर्धवट विणलेलं स्वेटर ठेवलं. ऊब लागते. सुया तशाच आहेत, स्वसंरक्षणाला उपयोगी. शिवाय फ्रिजमधली तिच्या हातच्या साखरेतल्या संत्र्याच्या सालींची बरणी. शेवटची आहे. शुगर एकदम उतरली तर काय करणार? (मला शुगर नाही. पण वय झालं.)

आता तेहतीस किलो. कसं ते कळत नाही.

दुपारी

दोरीवरच्या कपड्यांवर राख पडली. काळी, हलकी. ओढा अजून मध्ये आहे.

झाम्बेताचा फोन. आजच निघा म्हणते. मी म्हटलं, उद्या दुपारपर्यंत वारा फिरेल. तिला मुकुटांचंही सांगितलं, की मावशी उगाच मागे लागली आहे, फीत कापलेली नसताना पेटी हलवायची नसते. पलीकडून आवाज बंद. रेंज गेली असावी. मग म्हणाली, बाबा, मी येऊ का न्यायला? म्हटलं, नको, मला काय झालंय.

चीजचे दोन तुकडे. परिस्थिती आणीबाणीची आहे, देवमाता समजून घेईल.

५ ऑगस्ट, सकाळी ९.२०

मोबाइल किंचाळला. सरकारी मेसेज : गाव सोडा, किनाऱ्याकडे जा. लगेच देवळाची घंटा सुरू झाली, सणाला वाजते तशी नाही. मावशी तीन कोंबड्या पाटीत घालून दारात उभी. चल म्हणाली. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी दोन मिनिटांत. ती म्हणाली, तुझी दोन मिनिटं मला ठाऊक आहेत, एव्हान्थियाने आयुष्यभर मोजली.

निश्चय : घाबरायचं नाही. बॅग उचलायची आणि निघायचं. खोलीकडे बघायचंसुद्धा नाही.

५ ऑगस्ट, दुपारी २, बोटीवर

ही वही खिशात होती म्हणून आली. झालं ते झालं तसं लिहितो.

बॅग घेऊन फाटकापर्यंत गेलो. तिथून मागे बघितलं तर ओढ्याच्या अलीकडची झाडं पेटलेली होती. अलीकडची. राळ पेटते तेव्हा झाड आधी फुत्कारतं, मग उजळतं. चाळीस वर्षं त्या झाडांना मीच खाचा पाडल्या आहेत. एकेक ओळखतो.

बॅग तिथेच टाकली आणि परत घरात. वीज गेलेली, खिडक्यांच्या झडपा बंद, धुराने डोळे मिटलेले. सहा महिन्यांनी त्या खोलीत पाय ठेवला. पलंगावर चढलो, बुटांसकट. ती असती तर आधी बूट काढायला लावले असते, आग असो नाहीतर भूकंप. चाचपडत पेटी काढली. आत बघितलं नाही, वेळ कुठे होता. दारामागे माझा लोकरीचा काळा कोट होता, त्यात गुंडाळली आणि पळालो.

फाटकाशी पोलीस होता. म्हणाला, आजोबा, गाडीत एक माणूस आणि एक नग, लवकर ठरवा. मी बॅग उघडून वस्तू काढायला लागलो, तर त्याने माझा दंड धरला आणि मला गाडीत कोंबलं. पेटी छातीशी होती, तीच आली. बॅग फाटकाशी राहिली. कागदपत्रं, गोळ्या, तिचा चष्मा, कवळी, स्वेटर, बरणी, सगळं तिथेच. एक सपात तेवढी कशी कोण जाणे माझ्या हातात होती.

बोटीवर गर्दी. लोकांनी काय काय आणलंय. एकाने शिवणयंत्र, एकीने फक्त इस्त्री केलेले पडदे. मावशीच्या कोंबड्या सगळ्यांच्या पायात. मागे डोंगर लाल. मावशीने पेटी ओळखली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, स्तमाती, आता उघडू नकोस हो. घरी पोचल्यावर उघड, मुलीसमोर.

हिला कशाला उठाठेव. पण वारा होता, म्हणून नाही उघडली.

कोट आवरताना आणखी एक गंमत. कात्री सापडली. माझी जुनी, जंगलातली. कोटाच्या आतल्या खिशात. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तसं झालं. एव्हान्थियाने ठेवली असणार, तिला वस्तू भलत्याच जागी ठेवायची सवय होती. हा कोट अंत्यविधीच्या दिवसानंतर मी घातलेला नाही.

६ ऑगस्ट, खल्कीदा

आज मधला सण, उपवासातही मासे खायची सूट असते. झाम्बेताने रश्शात शिजवले. कवळी नाही, त्यामुळे नुसता रस्सा प्यायलो. जावई चांगला आहे, पण सारखा विचारतो, बाबा, काय हवं? मी म्हटलं, काही नको, मी सगळं महत्त्वाचं घेऊन आलो आहे. झाम्बेता उठून आत गेली.

पेटी कोटातच ठेवली आहे, कपाटावर. उद्या उघडू. घाई काय आहे. आत दोघं सुखरूप आहेत.

७ ऑगस्ट, सकाळी १०

गावातून फोन. वारा फिरला. (मी म्हटलंच होतं, दोन दिवसांनी चुकलो एवढंच.) मावशीचं खुराडं जळालं, वरची चार घरं जळाली, जंगल सगळं गेलं. आपलं घर उभं आहे. फाटकाशी बॅग होती तशी आहे, वर राख. फोनवर सगळे अभिनंदन करतात. मीही सगळ्यांना थँक्यू म्हणतो.

म्हणजे काहीच आणलं नसतं तरी चाललं असतं. सगळं जिथल्या तिथे आहे.

दुपारी १२

पेटी उघडली.

एकच मुकुट आहे. माझा, मोठा. फितीचं टोक लोंबतंय. तिरकं, स्वच्छ कापलेलं. झाडाची कोवळी फांदी मी तशी कापतो.

काच कुठे फुटलेली नाही. म्हणजे चोरी. पोलिसात कळवणार.

८ ऑगस्ट

झाम्बेताला विचारलं, दुसरा मुकुट कुणी नेला? ती भांडी घासत होती. नळ बंद केला आणि हात न पुसताच माझ्यासमोर बसली.

म्हणाली, बाबा, कुणी नेला नाही. फीत तुम्हीच कापलीत. मावशीने तिची कात्री पुढे केली तर म्हणालात, बोथट आहे, माझी आहे खिशात. मुकुट तुम्हीच आईला घातलात. नंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी पिताना मला म्हणालात, कात्री सापडली नाही म्हणून फीत राहिली बघ. मी आणि मावशीने एकमेकींकडे बघितलं. वाटलं, राहू दे, चार दिवस तसंच राहू दे. चार दिवसांचे सहा महिने झाले, बाबा. कुणाला सांगवलं नाही.

मी म्हटलं, शक्य नाही. माझी स्मरणशक्ती उत्तम आहे.

ती म्हणाली, तो डावीकडे सरकत होता. तुम्ही दोनदा सरळ केलात.

केस पातळ झाले होते एव्हान्थियाचे, औषधांनी. म्हणून सरकत होता. या वेळी कुणी हात आवर म्हणालं नाही. ती हसलीही नाही. दुसऱ्यांदा सरळ केला तेव्हा मी थांबलो होतो, हसेल म्हणून.

संध्याकाळी

झाम्बेता रडली. मीही रडलो. जावई चहा करून दोनदा आला आणि दोनदा तसाच परत गेला.

रविवारी घरी जायचं ठरलंय. मावशीही येते, कोंबड्यांना माझ्या परसात जागा देणार. घेऊन जायच्या वस्तू : कोट, कात्री, पेटी, एक सपात.

निश्चय : घरी गेल्यावर खोलीत, पलंगावर झोपायचं. मधोमध.

जमणार नाही.