खोटं घर

३ तारीख
नकाशा कार्यालयात रुजू झालो. पन्नाशीत नवी नोकरी म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी झूल, पण बायको खूश, त्यामुळे बैलही खूश. टेबल खिडकीशी आहे, खुर्ची कुरकुरत नाही. जंगलातल्या नदीखोऱ्याचा जुना नकाशा शाईने नव्याने काढायचाय. उंची दाखवणाऱ्या रेषा माझ्या कपाळावरच्या आठ्यांहून दाट. खालच्या कडेला आमची गल्ली, तिच्या टोकाला चक्क माझं घर!

५ तारीख
इथली एक पद्धत कळली. कुणी चोरून नक्कल केली तर पकडता यावी, म्हणून प्रत्येक नकाशात एक खोटं घर घालतात. मीही घातलं. नदीपलीकडे, किर्र झाडीत, एक काळा चौकोन. साहेब म्हणाले, "घर काढा, पण त्याला वाट काढू नका." का, म्हणून विचारलं तर त्यांना एकदम चहाची आठवण झाली.

६ तारीख
वाटच नाही, तर पोस्टमन काय उडत जाणार? गंमत म्हणून दारापुढे पायवाटेची चार टिंबं दिली.

९ तारीख
टिंबं अकरा झालीत. चष्मा बदलायला हवा.

१० तारीख
वाट नदीपर्यंत आली. ब्लेडने खरवडली. जेवून परतलो तर जशीच्या तशी, शाई ओली. साहेबांना दाखवलं. त्यांनी खुंटीकडे बघितलं. मग म्हणाले, तुमच्या आधीचा माणूसही असाच विनोदी होता. त्याची छत्री अजून खुंटीला आहे. न्यायला घरचं कुणी आलं नाही.

१२ तारीख
वाटेने नदी ओलांडली. टिंबं आता डावं-उजवं, डावं-उजवं पडतायत. गल्लीच्या तोंडाशी —

१३ तारीख, सकाळ
माझ्या घरापासून तीन टिंबं. वाट खरवडून जात नाही. मग घरच खरवडलं. माझं. आता ये म्हणावं, कुठे येतोस ते.

दुपार
घरचा फोन लागत नाही. शेजाऱ्यांना केला. ते म्हणाले, आमच्यापुढे झाडीच, पहिल्यापासून. बायकोचं नाव सांगितलं. असं कुणी इथे —

दुपार, नंतर
घर पुन्हा काढलं. घाईत भिंत वाकडी झाली, असू दे. फोन लागला. तीच. हसली. म्हणाली, "अहो, दार वाजतंय. थांबा हं, बघून येते."
उघडू नकोस म्हणालो. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. तिच्या चपला. कडी.
नकाशावर टिंब एकच उरलंय — नाही, तेही —