धावजींच्या गिरणीतलं इंजिन

बोरी अरबजवळचा तांडा,
मंगळवार, १४ ऑक्टोबर

प्रिय शामराव,

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटं. जागा: आपल्या घरामागची टिनाची शेड. बबलू मिस्त्री चावीवर बसला होता. मी स्टुलावर उभी राहून बाटलीच्या झाकणाने कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल घालत होते. तुम्ही मडगार्डवर हात ठेवून उभे होतात. तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं. आधी खोकलं, मग आठही सिलिंडर एका सुरात बोलायला लागले, आणि तुम्ही डोळे मिटून सगळ्यांच्या देखत म्हणालात, "नंदे, आयकलं काय? बोलली तुही गाडी!" माझं नाव जया आहे.

कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, तक्रार लिहायची तर आधी दिवस आणि वेळ लिहा, रडणं मागून. म्हणून तसं लिहिलं. रडणं या पत्रात येणार नाही, निश्चिंत राहा.

दोनच्या बसने मी इकडे भावाकडे निघाले तेव्हा तुम्ही फाटकाशी येऊन म्हणालात, "भावसिंगले सांगजो, इंजिन सुरू झालं." म्हणजे मी रागावून चालले आहे हेसुद्धा तुम्हाला कळलं नव्हतं. कालपासून तुमचे सात फोन आले. मी घेतले नाहीत आणि घेणारही नाही. एकोणचाळीस वर्षं टेलिफोन खात्यात लोकांचे फोन जोडून दिले आहेत मी. माणूस फोनवर किती स्वस्तात गोड बोलतो ते मला शिकवू नका.

हंसावहिनीला सगळं सांगितलं तर ती सोयाबीन पाखडता पाखडता म्हणते, "बाई, लोकं जित्या सवतीशी भांडतेत. तुमी मेलेलीशी भांडून राह्यल्या!" आणि वर हसते. तिला म्हटलं, जिवंत असती तर काम सोपं होतं. जिवंत बाई म्हातारी होते, घोरते, भाजीत मीठ जास्त टाकते, शेजाऱ्यांशी भांडते. तुमच्या पहिल्या पत्नी नंदाबाई बावन्नाव्या वर्षी गेल्या आणि बावन्नाव्याच राहिल्या. आपण कोर्टात लग्नाच्या सह्या केल्या तेव्हा मी चौपन्न वर्षांची होते. खरं तर मी त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. आज तेरा वर्षांनी मोठी आहे. दरवर्षी त्या जिंकतात आणि मी एक वर्षाने हरते. हे शर्यतीच्या कोणत्या नियमात बसतं ते सांगा.

मत्सर वाटतो असं मी सरळ लिहिते. पासष्टाव्या वर्षी बाईला मत्सर शोभत नाही म्हणणाऱ्यांनी पासष्टाव्या वर्षी काय काय शोभतं याची यादी मला पाठवावी. पण नुसत्या त्या हाकेवर मी बॅग भरली नाही. इतक्या वर्षांची सवय असलेलं तोंड, एखादं नाव निसटतं. हाकेनंतर पाच मिनिटांनी तुम्ही जे केलंत ते निसटणं नव्हतं.

हळदकुंकवाचं ताट मी सकाळी सातला भरून ठेवलं होतं. चार चाकांखाली ठेवायची चार लिंबं, नारळ, झेंडूची फुलं, कापूर. नवीन यंत्र सुरू झालं की घरच्या बाईने त्याला कुंकू लावायचं, ही तुमच्या घरची रीत. तुमचा नवा मोटारपंप आला तेव्हा मीच लावलं, मिक्सर आला तेव्हाही मीच लावलं. मी ताट उचलून बॉनेटकडे निघाले आणि तुम्ही ते माझ्या हातातून घेतलंत. ओढलं नाहीत, अगदी हळू घेतलंत, ते जास्त लागलं. आणि विमलताईंच्या हातात दिलंत. नंदाबाईंच्या मावसबहीण म्हणून तुम्ही त्यांना मुद्दाम घाटंजीहून बोलावलं होतं, हे मला तेव्हा समजलं. वर म्हणालात, "माहेरकडचं माणूस पाह्यजे न. गाडी नंदाच्या माहेरची हाये." विमलताईंनी कुंकू लावलं, डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, "नंदाचा जीव होता व या गाडीत." बबलूने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पेट्रोलने हात चिकट झालेली मी तिथेच उभी होते, स्टुलाशेजारी, स्टुलासारखी.

गाडी नंदाबाईंच्या माहेरची आहे, मान्य. पंचावन्न सालची प्लायमाउथ. तुमचे पहिले सासरे नानाजी, घाटंजीचे जिनिंगवाले, यांनी ती मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून आणली. त्या गाड्या आपल्याकडे बहुतेक सहा सिलिंडरच्या आल्या. कंपनीतूनच आठ सिलिंडरचं इंजिन बसवून आलेली क्वचित एखादी, आणि ही ती. हे सगळं तुम्ही येईल त्याला सांगता. पुढचं सांगत नाही. सदुसष्ट साली ते इंजिन पेट्रोल फार पितं म्हणून नानाजींनी काढून टाकलं आणि दुसऱ्या गाडीचं साधं इंजिन चढवलं. काढलेलं इंजिन ज्याने बैलगाडीत घालून नेलं त्याचं नाव धावजी. ते माझे वडील.

शामराव, गाडी नंदाच्या माहेरची असेल. इंजिन माझ्या माहेरचं आहे.

मी सात वर्षांची होते. बांनी त्याच्यावर पट्टा चढवून पिठाची गिरणी चालवली. सुरू करायचं पेट्रोलवर आणि तापलं की रॉकेलवर घ्यायचं. बा म्हणायचे, "हे मशीन रॉकेल नाई पीत, डबा पिते." सगळ्या तांड्याच्या भाकरीला रॉकेलचा वास यायचा आणि बाया दळणाची टोपली डोक्यावर घेऊन शिव्या देत घरी जायच्या. माझी याडी, म्हणजे आई, त्या शिव्या बांना जेवताना जशाच्या तशा ऐकवायची. मी मात्र त्या आवाजावर जगत होते. शाळेतून येताना नाल्यापाशीच कळायचं, गिरणी चालू आहे की बंद, बा खुशीत आहेत की कावलेले. पाच वर्षांनी वीज आली, मोटार बसली आणि इंजिन मागच्या कुडाशी गेलं. त्याच गिरणीवर बांनी मला कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात घातलं. माझ्या इंग्रजीला आजही थोडा रॉकेलचा वास येत असेल.

लॉकडाऊन उठल्यावर तुम्ही शेडमधल्या गाडीवरची ताडपत्री काढलीत तेव्हा आत इंजिनच नव्हतं. ते दुसरं इंजिन कधीच भंगारात गेलं होतं. बबलू म्हणाला, "काकाजी, जीपचं डिझेल बसवून देतो. कायले डोकं खपवता?" आणि तुम्ही हो म्हणालात. बरोबर आहे ना? तुम्ही हो म्हणालात! मी चहाचे कप खाली ठेवून म्हटलं, खरं इंजिन कुठे आहे ते मला ठाऊक आहे. भावसिंगच्या कुडाशी, कपाशीच्या पराट्यांच्या ढिगाखाली, पोत्यात. पिठाचा आणि ग्रीसचा थर दगडासारखा बसला होता. तीन दिवस रॉकेल आणि दात घासायचा ब्रश घेऊन मी तो खरवडला. इंजिनवर कोरलेले आकडे लागले तेव्हा आरटीओत घेतात तसा कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतला आणि तुमच्या जुन्या आरसी बुकाशेजारी ठेवला. लाल शाईने खोडलेल्या ओळीत तोच नंबर होता. तुम्ही त्या दिवशी माझा हात धरलात. ग्रीसने काळा झालेला हात. अकरा वर्षांत एरवी इतका घट्ट तुम्ही तो कधीच धरलेला नाही, म्हणून सांगते.

मग चार वर्षं. बबलूने आठही भोकांत डिझेल ओतून वीस दिवस ठेवलं तेव्हा कुठे पिस्टन हलले. रिंगा मिळेनात, गॅस्केट मिळेना. अमेरिकेतल्या लोकांना इंग्रजीत पत्रं लिहिली कोणी? ओहायोतल्या एका ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याने गॅस्केटचा पूर्ण संच पाठवला आणि सोबत हाताने लिहिलेली दोन पानं. त्याला गिरणीची गोष्ट कळवली होती. त्याने लिहिलं, हे इंजिन कुठे ज्वारी दळत होतं हे ऐकून मी बायकोला झोपेतून उठवून सांगितलं. न पाहिलेल्या माणसाने मला दोन पानं लिहिली. तुम्ही पाकीट उलटंसुलटं करून "काय म्हंते बुढा?" एवढं विचारलंत आणि दोन दिवस माझ्याशी तुटक बोललात. त्या दोन दिवसांत मी फार सुखात होते, हे आज कळवते.

आणि आता ती पाटी. डिसेंबरात नागपूरला जुन्या गाड्यांचा मेळा आहे, तिथे गाडीपुढे ठेवायची माहिती तुम्ही गेल्या महिन्यात मराठीत लिहून मला इंग्रजी करायला दिलीत. "ही गाडी कै. नंदाबाई यांच्या स्मृतीस. इंजिन कंपनीचे, मूळचे." बस. ते मूळचं इंजिन पन्नास वर्षं कोणाच्या घरी होतं, कोणी ओळखलं, याला दोन ओळींत जागा नव्हती. मी निमूट भाषांतर केलं. स्मृतीसाठी इंग्रजीत चांगला शब्द शोधून दिला, तुमच्याहून चांगला. तेव्हाही बॅग भरली नाही. वाटलं, तुम्हाला सुचलं नसेल, गाडी सुरू होईल त्या दिवशी आपोआप सुचेल. आणि रविवारी दहा बेचाळीसला ते इंजिन बोललं तेव्हा तुम्ही डोळे मिटून नंदाबाईंना ऐकत होतात. मी डोळे उघडे ठेवून बांना ऐकत होते. एकाच आवाजाशी आपण दोघं, आणि एकमेकांकडे बघायला कोणी नाही. मी तरी बघत होते, शामराव. मी तुमच्याकडे बघत होते.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तीन वर्षांपूर्वी, तुम्ही खताच्या रांगेत होतात त्या दिवशी, मी एकटीने गाडीची मागची सीट काढली. काथ्याखाली, स्प्रिंगांना सुतळीने बांधलेलं मेणकापडाचं पुडकं होतं. तुम्ही लग्नाआधी नंदाबाईंना लिहिलेली पत्रं. तेवीस. बापाला सापडू नयेत म्हणून त्यांनी ती बापाच्याच गाडीत लपवली होती. बाई हुशार होत्या, हे मला आवडलं नाही. मी तुम्हाला सांगितलं नाही. तेवीसही वाचली, एकदा नाही. सतरावं पाठ आहे. घाटंजीच्या रस्त्याने गाडी निघून गेली की धूळ खाली बसेपर्यंत तुम्ही चाळीस आकडे मोजायचात, कारण तोवर ती अजून समोर आहे असं मानता येत होतं. हे लिहिणारा माणूस माझ्या घरात अकरा वर्षं राहतो आणि मला "दूध आण" याच्यापलीकडे त्याने एक ओळ लिहिलेली नाही. मला तुमच्या नंदाबाईंचं ताट नको, पाटी नको, भिंतीवरचा त्यांचा फोटो उतरवू नका, हाकही मारा. मला तो माणूस हवा आहे, निदान एक पान. तुमची पत्रं चोरली ती माझी चूक, ती मी लेखी कबूल करते आहे. भावसिंग उद्या सोयाबीन घेऊन तुमच्याकडे यवतमाळला येतो आहे. हे पत्र आणि तेवीसच्या तेवीस पत्रं त्याच्या हाती देते, तुमच्या उत्तराची वाट न बघता, म्हणजे मी ती अडवून ठेवली असं तुम्हाला म्हणता येणार नाही. फोन चालणार नाही, बबलूकडून निरोप चालणार नाही, स्वतः येऊन फाटकाशी घुटमळणं तर मुळीच नाही. उत्तर स्वतःच्या अक्षरात, वर माझं नाव घालून, शनिवार, १८ ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत इथे पोचलं पाहिजे. तो माणूस आता उरलेला नसेल, तर तेही तसंच लिहून पाठवा.

शनिवारी पाच वाजेपर्यंत नक्की तुमचीच,
जया