भाच्याची तिसरी मागणी

सारीबुलाक,
१४ जानेवारी २०१२

ती. क्युलाशताईस,
ओंदासिनचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी मिळाली. बरणी निम्मीच होती. येरगाझी बसवाला म्हणतो वाटेत सांडली, पण त्याच्या मिशा मला जरा चिकट दिसल्या. तू शेजारच्या सापारगालीच्या घरी फोन केला होतास म्हणे. ताई, बावीस वर्षं फवारणीच्या विमानात इंजिनामागे बसून माझे कान गेले. फोनवर मला तुझं फक्त रागावणं ऐकू येतं, कशावरून रागावलीस ते काही कळत नाही. तेव्हा पत्रच बरं.

आता खरी बातमी. हसू नकोस. मी विमान बांधतोय. मी चालवायचो तेच, एकावर एक दोन पंखांचं, फक्त पसरलेल्या दोन हातांत मावेल एवढं. अल्माटीहून खोका मागवला. आत पांढऱ्या फोमचे तुकडे, बोटाएवढ्या मोटरी, तारा, आणि जमिनीवरून उडवायला रिमोट. सूचना सगळ्या चिनी भाषेत. एका चित्रात एक माणूस पंख जोडताना हसतोय, मी त्याच्याकडे बघून काम करतो. तो हसतो आणि मी शिव्या घालतो, एवढाच फरक.

पहिल्याच दिवशी धडा मिळाला. घरात बूट चिकटवायचं सोल्यूशन होतं, तेच शेपटीच्या कडेला लावलं, तर फोम डोळ्यांदेखत विरघळून भोक पडलं. नाकात वास शिरतो तसला कुठलाही गोंद या फोमला चालत नाही, जाळून टाकतो. मग जिल्ह्याच्या गावाहून पाणीदार पांढरा गोंद आणला. तो सुकायला रात्र घेतो, पण फोमला दुखवत नाही. तुला याच्याशी काय करायचंय म्हणा, पण कुणाला तरी सांगायचं होतं.

गावात कुणाला ठाऊक नाही, सापारगालीलासुद्धा. म्हातारा खेळणी खेळतो म्हणून पोरंटोरं मागे लागतील. न्हाणीघराच्या बाहेरच्या खोलीत दार लावून बसतो. ऊब असते, आणि तिथे कोणी येत नाही. तुझ्यापासून मात्र लहानपणापासून काही लपवलं नाही, तर आता कशाला लपवू?

नुरतासला मामाचे आशीर्वाद. त्याचं पोट कमी झालं का ते कळव. लोभ आहेच, मुरंब्याबरोबर वाढत जावा.

तुझा,
ओंदासिन


करागांदी,
६ फेब्रुवारी २०१२

चि. ओंदासिन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही. तुझं पत्र मी नुरतासला वाचून दाखवलं, तर तो हसून हसून चहा सांडून बसला. त्याचं पोट वाढलंय. कोळशाचा ट्रक चालवताना बसल्या जागी पोट वाढणार नाही तर काय! मुलगी बघ म्हटलं की म्हणतो, आई, आधी मामाचं लग्न लाव.

चेष्टा पुरे. डिसेंबरात तू अंगणात बर्फावर घसरून पडलास, आणि सापारगालीचा कुत्रा भुंकला नसता तर तिथेच गोठला असतास, हे तू मला कळवलं नाहीस. त्याच्या बायकोने कळवलं. वर लिहितोस, काही लपवत नाही! भावजय बातिमा गेल्यापासून त्या घरात तू एकटा. ऐकू येत नाही, हाक मारायला माणूस नाही. इथे मधली खोली रिकामी आहे. मी तिला रंग द्यायला माणूस सांगितलाय. बर्फ वितळलं की ये. मी तुला भीक घालतेय असं समजू नकोस, मला संध्याकाळी चहाला सोबत हवी आहे.

आणि त्या विमानाला अजून किती वेळ आहे? झालं की कुठे ठेवणार? न्हाणीघरात ओल धरेल, नीट वर टांग. मला त्यातलं कळत नाही, पण तू लिहितोस ते वाचायला बरं वाटतं. सगळं लिहीत जा.

बाउरसाकचे पिठाचे गोळे तळून पाठवतेय, येरगाझीला सांग मी मोजलेत. ताईवरचा जीव असाच राहू दे.

तुझी,
क्युलाश


सारीबुलाक,
५ मार्च २०१२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पडलो ते लिहिलं नाही, चुकलो. लिहिलं असतं तर तू पुढच्या बसने आली असतीस, आणि बर्फात पडायला दोघं झालो असतो.

विमान झालं, ताई! वरचे-खालचे पंख पातळ पट्ट्यांनी बांधले, आत काळी सळई घातली, शेपटीची झडप चिकटपट्टीवर हलते. सगळ्यात नाजूक काम तोल साधायचं. पंखाखाली दोन बोटं धरून उचलायचं. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. वर गेलं तर हवेत मागे कोलमडणार. बॅटरी कणभर पुढे, कणभर मागे, अशी तीन संध्याकाळ सरकवत होतो. एकदाचं झुकलं. बाजूला निळा पट्टा आणि माझ्या विमानाचा जुना आकडा रंगवलाय. तू म्हणालीस तसं वर आढ्याला टांगलंय.

आता एक गोष्ट सांगतो, ती तुझ्यापाशीच ठेव. बातिमा गेल्यापासून सकाळी उठायचं कशाला, हे मला कळत नव्हतं. मेंढ्यांना चारा घालायचा म्हणून उठायचो. या हिवाळ्यात पहिल्यांदा असं झालं की डोळा उघडला आणि आज काय जोडायचं ते आधी आठवलं. हे सापारगालीला सांगितलं तर तो मुल्लाला बोलावील.

म्हणून करागांदीचं आत्ता काढू नकोस. तुमच्या इमारतींच्या मधून कावळा वळत नाही, माझं विमान कुठे वळणार? इथे जुनी धावपट्टी अजून आहे, भेगांतून गवत आलंय पण सपाट आहे. नवरोझचा सण झाला की पहिल्या बिनवाऱ्याच्या सकाळी उडवणार. कसं उडालं ते तुला आधी लिहीन. जोवर हे विमान आहे, तोवर मी इथून हलणार नाही, हे हसत लिहितोय पण खरं आहे.

बाउरसाक मोजून तेवढेच मिळाले. येरगाझी दुखावलाय. लोभ आहे, त्यात खंड नसावा.

तुझा,
ओंदासिन


सारीबुलाक,
२६ मार्च २०१२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नवरोझला नुरतास आला. कळवलंही नव्हतं. मला इतका आनंद झाला की मेंढा कापला. सापारगाली, त्याची बायको, येरगाझी, सगळे जेवायला होते. मटणाचं ताट पुढे आलं तेव्हा नुरतासने हात धुतले, पण ताटाला लावले नाहीत. खाली मान घालून म्हणाला की मामा, माझी तिसरी मागणी राहिली आहे, ती आज मागतो. मला हसू आलं. पहिल्या मागणीला त्याने सुंतेच्या वेळी तांबडं शिंगरू नेलं, दुसऱ्या मागणीला बाबांचं चांदीचं खोगीर. तिसरी मी त्याच्या लग्नासाठी राखून ठेवली होती, घोडी द्यायची मनात होती. माग म्हटलं.

म्हणाला, न्हाणीघरात आढ्याला टांगलेलं विमान द्या.

पंगतीत कुणालाच कळेना कुठलं विमान. सापारगाली माझ्याकडे बघत राहिला. भाच्याच्या तीन मागण्यांना मामाला नाही म्हणता येत नाही, ही रीत मला काय, त्या पंगतीतल्या लहान पोरालाही ठाऊक. भाच्याला दुखावलं की म्हातारपणी हात थरथरतात, आजी सांगायची. मी उठलो, विमान काढलं, रजईत गुंडाळून त्याच्या गाडीपाशी नेऊन दिलं. दुखावलं नव्हतं तरी हात थरथरत होते. रिमोट त्याने मागितला नाही, तो काय असतो हेही त्याला माहीत नसावं. जेवला नाही, रडवेला होऊन निघून गेला.

ताई, तो गाडीतून उतरून थेट ताटावर बसला होता. न्हाणीघराकडे फिरकलाही नव्हता. आढ्याला टांगलंय हे मी जगात एकाच माणसाला लिहिलं होतं. टांगायलाही त्याच माणसाने सांगितलं होतं.

मी काही ठरवत नाही. तूच लिही. लोभ आहे असं समजून विचारतोय.

ओंदासिन


करागांदी,
७ एप्रिल २०१२

चि. ओंदासिनास,
अनेक आशीर्वाद.

होय, मीच पाठवलं त्याला. नुरतास नको म्हणत होता. म्हणाला की आई, मागायचंच तर घोडा मागतो, मामाचं हसं का करू? मी त्याला दुधाची शपथ घातली. त्याला बोल लावू नकोस.

तू स्वतःच लिहिलंस ना, विमान आहे तोवर हलणार नाही? मग मी काय करायचं? पुढच्या हिवाळ्यात कुत्रा भुंकेल याची वाट बघायची? तुला सांगून तू ऐकणाऱ्यातला नाहीस, बाबांचंही कधी ऐकलं नाहीस. रीतीपुढे मात्र मान तुकवतोस, म्हणून रीत पुढे केली. फोमचं खेळणं मोठं की माझा भाऊ? खोलीला पिवळा रंग दिलाय. खिडकी पूर्वेला आहे.

एक सांगायला हवं. नुरतासने विमान टपावर बांधून आणलं, वाऱ्याने वरचा पंख मोडला. तुझे कष्ट दिसत होते, मला बघवेना. घरात बूट चिकटवायचं सोल्यूशन होतं, ते लावून दाबून धरलं. कशाने कोण जाणे, पंखाला भोक पडलं, आणि मी आणखी लावलं तसं मोठंच होत गेलं. बसून रडले. तू आलास की दोघं मिळून नीट करू.

रागावू नकोस. ताईच्या वेड्या मायेला नावं ठेव, पण ती तोडू नकोस.

तुझी,
क्युलाश


सारीबुलाक,
१८ एप्रिल २०१२

ताई,
नमस्कार.

पत्र चारदा वाचलं. तू कबूल केलंस हे बरं. खोटं लिहिलं असतंस तर मी त्यावर विश्वास ठेवला असता, कारण तशीच सवय आहे मला.

बूट चिकटवायचं सोल्यूशन! जानेवारीत मी तुला लिहिलं होतं की त्याने हा फोम जळतो, भोक पडतं. ते तुझ्या लक्षात राहिलं नाही. विमान कुठे टांगलंय हे राहिलं. म्हणजे तू माझी पत्रं वाचत नव्हतीस, त्यातून तुझ्या कामाचं तेवढं वेचत होतीस. वाचायला बरं वाटतं, सगळं लिहीत जा, असं लिहिताना तुझ्या मनात काय होतं, याचा मी रोज विचार करतो. तोल साधला म्हणून मी तुला आनंदाने लिहीत होतो, आणि तू मुलाला शपथ घालत होतीस.

मायेपोटी केलंस म्हणतेस. मायेपोटी करायचं होतं तर इथे येऊन माझ्याशी भांडली असतीस. घसा बसेपर्यंत भांडतो आपण, नवीन आहे का? मी हरलो असतो तर सामान बांधून आलोही असतो. तू मला हरवलं नाहीस, केसाने गळा कापलास. चार माणसांच्या पंगतीत, माझ्याच भाच्याच्या तोंडून. त्या बिचाऱ्याची लग्नाची घोडीही गेली.

विमानाचं दुःख मला नाही असं म्हणणार नाही. खूप आहे. पण फोम काय, दुकानात मिळतो. सकाळी डोळा उघडला की काय वाटतं हे मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं. ते तू ऐकलंस, आणि ठरवलंस की नेमकं तेच काढून घ्यायचं.

पिवळ्या खोलीत दुसऱ्या कुणाला ठेव. मी येणार नाही.

ओंदासिन


करागांदी,
२० जून २०१२

चि. ओंदासिनास,
ताईचे अनेक, अनेक आशीर्वाद.

तीन पत्रांची उत्तरं आली, तुझी खुशाली कळली, मेंढ्यांना किती कोकरं झाली ते कळलं. देव तुला सुखी ठेवो. पण हे तू लिहिलेलं वाटत नाही.

मे महिन्यात नुरतास विमान परत घेऊन आला होता. तू त्याला पोटभर जेवू घातलंस, घोड्याचं मांस भरलेली आतड्याची काझी बांधून दिलीस, पाठीवर हात फिरवलास, आणि विमान काही गाडीतून उतरवू दिलं नाहीस. भाच्याने नेलेलं परत घ्यायची रीत नाही म्हणालास. आता ते त्या खोलीत पलंगावर पडून आहे. मी दार लावून घेते.

काल येरगाझी भेटला. तो म्हणाला की तू घराच्या छताला लावतात ते फोमचे चौकोन गठ्ठाभर नेलेस. गावाला वाटलं म्हातारा घर सजवतोय, पाहुणा येणार. आणि आता जुन्या धावपट्टीवर तुझं विमान उडतं म्हणे. अख्खं गाव बघायला येतं, सापारगाली खुर्ची घेऊन येतो. निळ्या पट्ट्याचं विमान धावपट्टीवरून वळून थेट तुझ्या पायाशी उतरतं, हे सांगताना त्या मेल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बसमधल्या सगळ्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

तू म्हणाला होतास, कसं उडालं ते मला आधी लिहिशील. आधी राहू दे, शेवटी लिही. वारा कुठून होता, तोल कसा साधलास, पहिल्यांदा उचललं तेव्हा तुला काय वाटलं. मला त्यातलं कळत नाही, पण या वेळी अक्षर न् अक्षर वाचीन. चुकले रे मी. तुला गमावायच्या भीतीने आंधळी झाले होते. मला शिव्या घालायच्या तर त्याही घाल, पण पूर्वीसारखं लिही.

वाट बघतेय.

तुझीच,
क्युलाश


सारीबुलाक,
३ जुलै २०१२

तीर्थरूप श्रीमती क्युलाशताई यांच्या सेवेशी,
ओंदासिनचा शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले २० जूनचे पत्र पोहोचले. मजकूर वाचून समाधान झाले. येथे मी सुखरूप असून आपली व चि. नुरतासची खुशाली वरचेवर कळवीत जावी.

यंदा पाऊस बेताचा झाला. गवत मध्यम आहे. मेंढ्यांची लोकर कातरून झाली. सापारगाली व त्यांच्या पत्नीने आपणांस नमस्कार सांगितला आहे. माझ्या प्रकृतीची काळजी नसावी. आपण पाठवलेला मुरंबा पूर्ण बरणीभर मिळाला, त्याबद्दल आभारी आहे.

आपण विमानाबद्दल विचारले आहे. त्याबाबत कळवण्यासारखे विशेष काही नाही.

लोभ आहे, तो असू द्यावा.

आपला आज्ञाधारक,
ओंदासिन