चुना लावलेली एकसष्ट झाडं

ऐनाच्या झाडाला चुन्याचा पट्टा म्हणजे यंदा त्याला कोयता लावायचा नाही, एवढं दिघाशीत शेरडांमागे फिरणाऱ्यालाही कळतं, आणि माझा दीर पंढरी म्हणतो त्याला कळलं नाही. ठेकेदाराच्या माणसांनी पट्ट्याची एकसष्ट झाडं बुंध्यातून पाडली. तो तिथेच उभा होता. घर-भांडी मागाहून. आधी हे लिहिते, कारण मला हेच जड आहे.

आता कायद्याचं. मी, कमळा दाजी तरे, वय सत्तेचाळीस, राहणार दिघाशी, तालुका भिवंडी. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा धाक नाही. छातीत गाठ आहे, ती येत्या सोमवारी ठाण्याला कापणार. टेमघरचे वकील लिहून देतो म्हणाले, पण मला दुसऱ्याची भाषा नको. तिसरी शिकले तेवढ्यात भागवते. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी दाखवलं तर ते खोटं समजावं.

१. राहतं घर माझी जाऊ रंगूबाई हिला. पंढरीला नाही, रंगूबाईला. दुखण्यात पेज तिने आणली, तीही नवऱ्याला चोरून. ती जिवंत असेपर्यंत घर विकता येणार नाही.

२. तांब्याचा हंडा भावाच्या सुमतीला. तिच्या लग्नाला भावाने मला बोलावलं नव्हतं. त्यात पोरीचा दोष नाही. भावाला काही नाही.

३. साडेनऊ एकर मालकीचा डोंगर. मालक, म्हणजे माझे यजमान, वारल्यावर माझ्या नावावर झाला. वर थोडा साग, खाली सगळा ऐन. भाताचं रोप टाकायच्या आधी राब, म्हणजे रोपाची जमीन, भाजायला ऐनाचा टाहाळ, पानांसकट फांद्या, लागतात. तो आमच्या डोंगरातून आम्ही नेतो आणि ठमाबाई राहते ती पायथ्याची कातकरवाडीही नेते. मालकांनी रीत घातली होती. डोंगराचे तीन भाग. एका भागात फांद्या छाटायच्या, शेंडा सोडायचा. दोन भाग विश्रांतीला, त्यांना चुन्याचा पट्टा. त्यामुळे वाडीची चूलही पेटली आणि डोंगरही हिरवा राहिला. जंगल खात्याचा गार्ड ठमाबाईची मोळी दोनदा जप्त करून गेला. मी त्याला म्हटलं, "मालकी माझी, मोळी माझ्या हुकमाने, तू कोण?" तर म्हणतो, "बाई, कायदा आहे." कायदा मोळीला होता, ठेकेदाराच्या ट्रकला नव्हता.

चूक माझीही आहे, ती लपवत नाही. मागच्या पावसात वादळाने वाडीची अकरा घरं उडाली. वाशांना लाकूड हवं म्हणून मीच तोडीचा परवाना काढला, वाळलेले आणि वाकडे बावीस साग. खात्याने बुंध्याला हातोड्याची खूणही केली. पौषात ठेकेदाराची माणसं आली तेव्हा मी तपासणीला ठाण्याला गेले होते. त्यांना हातोड्याची खूण शोधायचा कंटाळा. काळूराम, म्हणजे ठमाबाईचा मुलगा, तिथे होता. त्यांनी पंढरीला विचारलं, "सफेद पट्टेवाला काटना है ना?" पंढरीने मान हलवली. काळूराम ओरडला, "भाऊ, तो राखलेला हाय, त्याला हात नको!" तर पंढरी त्याला म्हणाला, "तू गप रे, तुझा डोंगर हाय का?"

परत आले तर पंढरी सांगतो, "वयनी, मना काय ठावं, त्यांनी इचारलं, मी हां म्हटलं." काय ठावं? मालक पट्टा ओढायचे तेव्हा चुन्याचा डबा कोण धरायचा? अठरा वर्षं डबा तूच धरलास, पंढरी. तुझ्या सदऱ्यावरचे डाग मी धुतले आहेत.

भिवंडीजवळ कोनला गोदामं उठली तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, झाडं आहेत म्हणून डोंगर अडून राहिलाय, नाहीतर गोदामाला विकला असता. म्हणून मला संशय आहे, मान त्याने जाणूनबुजून हलवली. यंदाचा राब छाटायच्या भागावर भागेल, पण पुढची दोन वर्षं वाडीच्या राबाला टाहाळ पुरणार नाही.

तर डोंगर ठमाबाई आणि काळूराम यांना, निम्मा निम्मा. अटी: विकायचा नाही, तीन भागांची रीत मोडायची नाही, पाडलेल्या एका झाडामागे दोन लावायची. बावीस साग अजून उभे आहेत, ते वाडीच्या वाशांनाच जातील.

४. कोयते काळूरामला. चुन्याचा डबा आणि कुंचा पंढरीला. त्याच्या वाट्याला एवढंच, पण खालचं वाचावं.

साक्षीदार: सुनीती शरच्चंद्र वैद्य, शाळामास्तरीण. सुधीर चिंतामणी जोशी, तलाठी कार्यालयातले कारकून. दोघांनी माझ्यासमोर सही केली, मी त्यांच्यासमोर.
सही: कमळा दाजी तरे
दिघाशी, सोमवार, ४ एप्रिल १९८८

सहीखाली लिहिते आहे, साक्षीदारांनी हेही वाचून पुन्हा सही केली आहे. पंढरी, मला माफी नको. ठमाबाईच्या अंगणात, वाडीसमोर एवढंच सांग: पट्टा ओळखलास की नाही? ओळखला म्हणालास तर डोंगराचा तिसरा हिस्सा तुझा, त्यांच्याच अटींवर, आणि डबा पुन्हा तूच धरायचा. नाही म्हणालास किंवा न बोललास तर कलम चार आहे तसं. शनिवार, ९ तारीख, दिवस मावळेपर्यंत. सोमवारी मला भूल देणार आहेत, त्याआधी मला ऐकायचं आहे.